ताडीवाला रोडपासून पुढे: नवा रॅप ऐकायला कुठून घ्यावा

बाई, तुमचा प्रश्न मला असा कळला. तुम्ही पुण्यात नववी-दहावीला मराठी शिकवता. वर्गातली पाच-सहा मुलं वहीच्या शेवटच्या पानांवर रॅप लिहितात आणि त्यांच्याशी त्याबद्दल नीट बोलता यावं म्हणून तुम्हाला हे संगीत ऐकायचंय. नवं काय निघालंय, उगवत्या रॅपरांपैकी कोण खरंच ऐकण्याजोगं आहे, पुण्यात कुणी आहे का, आणि गाण्यांतल्या शिव्यांचं काय करायचं, हे तुम्ही विचारलंय. "लांबलचक यादी नको, कुठून सुरू करू ते सांगा," असंही लिहिलंय.

मी चौदा वर्षं पुण्यात रॅपचं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतो. धनकवडीत दहा बाय बाराची खोली आहे. भिंतींना फोम आणि त्यामागे जुन्या गाद्या आहेत. पर्वतीपासून येरवड्यापर्यंतची पोरं तिथं येऊन माइकसमोर उभी राहिली आहेत. तेवढ्या अनुभवावर सांगतो: सुरुवात ताडीवाला रोडवरून करा. तिथून अमरावतीला जा, मग दिल्ली-बंगळुरूला आणि त्यानंतर अमेरिका-लंडनला. प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट तपासा. हा माणूस कुणाच्या बोलीत बोलतोय, आणि ती बोली तालावर कशी बसवतोय? आवाज, कपडे, गाड्या, व्ह्यूज हे सगळं नंतर. ज्या रॅपरला स्वतःच्या घरातली, गल्लीतली भाषा तालात बसवता येते, तोच पाच वर्षांनी पुन्हा ऐकावासा वाटतो. बाकीचे दोन महिन्यांत विसरले जातात. हे मी माझ्याच हार्ड डिस्कवर पाहिलंय.

त्याआधी एक साधी गोष्ट. मोबाईलच्या स्पीकरवर रॅप ऐकू नका. या गाण्यांचा खालचा बेस, ज्याला पोरं ‘एट-ओ-एट’ म्हणतात, तो १९८० साली आलेल्या रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनवरून आलाय. त्याचा मुख्य आवाज ४० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो आणि मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरला तो काढताच येत नाही. त्यामुळे ढोलकी काढून घेतलेली लावणी ऐकल्यासारखं होतं. नुसती बडबड ऐकू येते आणि माणूस म्हणतो, "यात गाणं कुठाय?" पाचशे-सातशे रुपयांचे वायरवाले इअरफोनसुद्धा चालतील.

आता ताडीवाला रोड. पुणे स्टेशनच्या मागचा हा भाग तुम्हाला माहीत असेलच. एमसी स्टॅन, म्हणजे अल्ताफ शेख, तिथला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो हिंदी ‘बिग बॉस’चा सोळावा सीझन जिंकला आणि घराघरात पोचला. पण माझ्यासाठी तो त्याआधीचा आहे, २०२० च्या ‘तडीपार’ या अल्बमचा. नावातच बघा, पोलीस जिल्ह्याबाहेर काढतात ती तडीपारीही ऐकू येते आणि ताडीवाला रोडही. बीट, म्हणजे शब्दांखाली वाजणारं तालाचं संगीत, तो स्वतः बनवतो. लहानपणी कव्वाली गायलेला मुलगा आहे, त्यामुळे ऑटोट्यून हे सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर लावूनही सूर ओढायची त्याची पद्धत कव्वालीतली आहे. ओळीच्या शेवटी तो स्वर लांबवत नेतो आणि अचानक सोडून देतो. २०२२ च्या ‘इन्सान’मध्ये हे जास्त स्पष्ट आहे.

त्याची हिंदी मात्र कान देऊन ऐका. ती लखनौची नाही, मुंबईचीही नाही. ती पुणे स्टेशनची हिंदी आहे, तळाला मराठी असलेली. टीव्हीवर त्याचा जो शब्द देशभर गाजला तो ‘शेमडी’. म्हणजे आपलं शेंबडी! दिल्ली-लखनौची पोरं तो शब्द वापरायला लागली तेव्हा त्यांना कल्पनाही नव्हती की पुण्यातल्या आया हा शब्द रोज वापरतात. हीच बोलीची ताकद. ज्या भाषेला वर्गात बसायला जागा मिळत नाही ती गाण्यातून दिल्लीपर्यंत जाते.

त्याच्या गाण्यांत शिव्या आहेत आणि बायकांबद्दलच्या काही ओळी मला अजिबात पटत नाहीत. हे आडपडदा न ठेवता सांगतो, कारण तुम्ही वर्गात उभ्या राहणार आहात. पण ‘तडीपार’ ऐकल्याशिवाय तुमच्या मागच्या बाकाला काय ऐकू येतं ते कळणार नाही. आधी घरी, एकट्यानं ऐका.

पुण्यात मराठी रॅप स्टॅनच्याही आधी होता. श्रेयश जाधव ‘द किंग जेडी’ या नावानं पुण्यावर मराठीत रॅप करत होता, तेव्हा लोकांना ते गमतीचं वाटायचं. त्यानंतरच्या फळीत संबाटा हा पुण्याचाच, मराठीत, ट्रॅप आणि ड्रिल या जड बेसच्या शैलींच्या बाजूनं जाणारा. ड्रिल ही शिकागोतून निघून लंडनला, तिथून न्यूयॉर्कला फिरलेली शैली. वेग १४० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १४० ठोक्यांच्या, आसपास आणि बेस घसरत जाणारा. मराठी त्यावर चांगली बसते. ळ, ठ, ढ, ट ही आपली अक्षरं स्नेअर ड्रमसारखी, कडक ‘टक्’ करून, वाजतात. हिंदीत ळ नाही. ‘काळजातला काळोख’ हे दोन शब्द ड्रिलच्या बीटवर मोठ्यानं म्हणून बघा, लगेच कळेल.

आता अमरावती. सौरभ अभ्यंकर हा रॅपर १०० आरबीएच असं नाव लावतो. शंभर म्हणजे सौ आणि पुढे रभ. वऱ्हाडी मराठी आणि वऱ्हाडी हिंदी तो तोडून-मोडून न घेता जशी आहे तशी वापरतो. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाशी तो जोडलेला आहे आणि २०२३ मध्ये ‘एमटीव्ही हसल’ या टीव्हीवरच्या रॅप स्पर्धेच्या तिसऱ्या सीझनमध्ये होता. जात, वस्ती, बाबासाहेब, शेती हे विषय तो घोषणेसारखे मांडत नाही. ओट्यावर बसून कुणी सांगावं तसं सांगतो आणि मध्येच असा वेग घेतो की श्वास कुठं घेतला ते सापडत नाही. सध्याच्या मराठी रॅपमध्ये शब्दांवर इतकी पकड मला फार कमी जणांकडे दिसते. बाई, तुम्ही मराठीच्या शिक्षिका आहात, तुम्हाला हा सगळ्यात आधी आवडेल, असं मला मनापासून वाटतं.

‘स्वदेसी’चं २०१९ चं ‘द वारली रिव्होल्ट’ही ऐका. त्यात आरे जंगलातले आदिवासी कलाकार प्रकाश भोईर त्यांच्यासोबत आहेत आणि विषय आरेचाच. त्यांचा ‘चेतावनी’ अल्बम २०२० चा. या गटातला गुजराती रॅपर एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, मार्च २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. गुजरातीत राजकीय रॅप करणारा तसा दुसरा आवाज मी ऐकलेला नाही. तो गेल्याचं दुःख आमच्या छोट्याशा खोलीपर्यंत पोचलं होतं.

आणि माही जी. मधुरा घाणे तिचं नाव, महादेव कोळी समाजातली, इंजिनिअर मुलगी. जंगल, पाणी, ऊन, आदिवासींचा हक्क यावर ती मराठीत रॅप करते. ‘जंगलचा राजा’ हे तिचं गाणं तुमच्या वर्गात थेट वाजवता येईल. शब्द स्वच्छ, उच्चार ठसठशीत, आणि विषय अभ्यासक्रमाच्या बाहेरचा नाही. वर्गातल्या मुलींना हे ऐकू द्या. माझ्या खोलीत आजवर जेमतेम सात-आठ मुली रेकॉर्ड करायला आल्या. त्यातल्या तिघींना घरून परवानगी नव्हती. मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते, असं सांगून त्या आल्या होत्या.

२०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ तुमच्या मुलांनी नाचून नाचून झिजवलं असेल. ते हाउस, म्हणजे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत आहे, रॅपचा हात त्यात थोडाच. पण नेदरलँड्सच्या ‘स्पिनिन रेकॉर्ड्स’नं मराठी गाणं काढलं, हे आमच्या धंद्यातल्यांनी बऱ्याच आनंदानं साजरं केलं.

आता ही बोली तालावर बसवणं म्हणजे नेमकं काय, ते जवळून दाखवतो. तुम्हाला वर्गात हेच लागेल.

दोन वर्षांपूर्वी पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीतला एक मुलगा माझ्याकडे आला. सतरा वर्षांचा होता. त्यानं लिहून आणलेलं असं होतं:

मी रोज लढतो, पुढं पुढं चढतो,
दुनिया जळते नि मी वरवर उडतो.

यमक जुळतंय. पण बाई, मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे तो-ते-तात, ला-ली-ले ही यमकं फुकटात मिळतात. लढतो-चढतो-उडतो, गेलो-आलो-झालो. नवीन मुलगा पहिली पन्नास गाणी याच खड्ड्यात घालवतो. शिवाय ही ओळ कुणाचीही असू शकते. तो कुठं चढतो? काय जळतं?

मी माइक बंद केला आणि विचारलं, "सकाळी उठल्यावर तुझ्या घरी पहिला आवाज कसला येतो?" म्हणाला, "नळाचा. चारला पाणी येतं, मग भांडणं." म्हटलं, "घर किती वर आहे?" म्हणाला, "पायऱ्या मोजल्यात मी." अर्ध्या तासानं त्यानं हे लिहिलं:

चारला पाणी, सव्वाचारला भांडण,
नळाच्या तोंडाशी आख्ख्या गल्लीचं कांडण.
पायऱ्या मोजल्या, दोनशे बारा,
खांद्यावर कळशी, कपाळाला वारा.

क्रियापद जवळजवळ नाहीच. भांडण-कांडण, बारा-वारा ही नामांची यमकं आहेत आणि प्रत्येक शब्दाला तिथं असायचं कारण आहे. ‘कांडण’ हा शब्द त्याच्या आजीचा, त्याला तो घरात सापडला. मग ताल. ९० बीपीएमचा साधा बूम-बॅप, म्हणजे जुन्या धाटणीचा, बीट लावला. एका बारमध्ये चार ठोके. स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. ‘पायऱ्या मोजल्या’ म्हणून झाल्यावर त्याला एक पूर्ण ठोका थांबायला लावलं, काहीही न बोलता. मग ‘दोनशे बारा’ असं म्हण की ‘बारा’तला ‘बा’ चौथ्या ठोक्याच्या स्नेअरवर पडला पाहिजे. नऊ टेक झाले. नवव्याला तो पडला, आणि खोलीत बसलेले त्याचे तिन्ही मित्र एकदम "ओहो" म्हणून उठले. त्या एका ठोक्याच्या गप्प बसण्यात दम लागलेला माणूस दिसतो. यालाच पोरं ‘फ्लो’ म्हणतात.

हे तुम्हाला नवीन नाही. तुम्ही दरवर्षी अभंग शिकवता. सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं. ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’. विटेवरी-कटावरीचं यमक मधल्या दोन चरणांत आणि चौथा चरण आखूड, म्हणजे तिथं श्वासाला आणि टाळाला जागा. चौथ्या ठोक्याला जागा ठेवणं ही रॅपरचीही पहिली शिकवणी असते. सोळा बारच्या एका कडव्याला ९० बीपीएमवर जेमतेम ४३ सेकंद मिळतात. तेवढ्यात विचार मांडायचा, यमक साधायचं आणि श्वासही घ्यायचा. तमाशातले सवाल-जवाब आणि शाहिरांचा कलगी-तुरा हा तर सरळसरळ आमचा ‘बॅटल रॅप’ आहे. मुलांना हे नातं दाखवलंत तर ती अभंगाकडे वेगळ्या नजरेनं बघतील. माझ्याकडे येणाऱ्या दोघांनी तरी त्यानंतर तुकोबांची गाथा विकत घेतली.

महाराष्ट्राबाहेर पडताना दिल्लीचे ‘सीधे मौत’ घ्या. कॅल्म आणि एन्कोर अशी दोघांची जोडी. त्यांचा ‘बयान’ २०१८ चा, ३० गाण्यांचा ‘लंच ब्रेक’ २०२३ चा आणि ‘डीएल ९१ एफएम’ २०२५ चा. एकाची ओळ दुसरा इतक्या बेमालूम उचलतो की दोन माणसं एका फुफ्फुसानं श्वास घेतायत असं वाटतं. मिक्सिंग शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ‘लंच ब्रेक’ अख्खा ऐकायला लावतो. चार दीवारी हा दिल्लीचाच तरुण, रॅपमध्ये ओरडा, ऑपेरा, रॉक असं काहीही घालतो. सगळंच जमत नाही, पण जमतं तेव्हा अंगावर काटा येतो.

हनुमानकाइंडचं नाव तुमच्या मुलांना पाठ असेल. केरळात जन्मलेला, अमेरिकेत ह्यूस्टनला वाढलेला, बंगळुरूत रॅपर झालेला सूरज चेरुकाट. २०२४ च्या जुलैत आलेलं ‘बिग डॉग्स’ जगभर गाजलं. त्याच्या व्हिडिओत आपल्या जत्रेतला मौत का कुआँ आहे, आणि तो स्वतः त्या विहिरीच्या तळाशी उभा राहून गातो. मला त्याहून जास्त आवडलं २०२५ च्या मार्चमधलं ‘रन इट अप’. त्यात केरळचा चेंडा हा ढोल वाजतो, आणि व्हिडिओत कळरीपयट्टू, पंजाबचा गतका, मणिपूरचा थांग-ता यांच्या बरोबरीनं आपला मर्दानी खेळही आहे. कोल्हापूरच्या तालमीत दांडपट्टा फिरवणाऱ्या पोरांना जगाच्या पडद्यावर स्वतःचा खेळ दिसला. त्याचा ‘मॉन्सून सीझन’ हा मिक्सटेप त्याच वर्षी जुलैत आला. रॅप इंग्रजीत आहे, उच्चार ह्यूस्टनचे. पण चाल केरळच्या मंदिराच्या अंगणातली आहे, म्हणून ते उधारीचं वाटत नाही.

तमिळचा अरिवू मात्र चुकवू नका. २०२१ च्या ‘एंजॉय एंजामी’ या गाण्यामागे त्याच्या आजीची, वल्लीअम्माची, गोष्ट आहे. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या भूमिहीन मजुरांची. पुढे २०२४ मध्ये त्यानं स्वतःच्या अल्बमचं नावच ‘वल्लीअम्मा पेरांडी’ ठेवलं, म्हणजे वल्लीअम्माचा नातू. तमिळ कळत नसली तरी चालेल. जात्यावरची ओवी जिनं ऐकलीय तिला ते कळेल.

मेघालयाची रेबल ही अलीकडच्या काळातली मला सगळ्यात आशादायक वाटणारी रॅपर. २०२५ च्या शेवटी ‘धुरंधर’ चित्रपटातल्या गाण्यांमुळे ती देशभर पोचली, पण तिची आधीची गाणी शोधून ऐका. आवाज खाली ठेवून, न ओरडता, समोरच्याला गप्प करायची तिची पद्धत आहे.

परदेशातलं थोडं. हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ चा मानतात, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये सेजविक अॅव्हेन्यूवरच्या इमारतीतली एक पार्टी. तिथं रेकॉर्ड वाजवणाऱ्या डीजे कूल हर्कच्या बहिणीनं शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे जमावेत म्हणून ती ठेवली होती. मुलांना हे सांगाच, शाळेच्या कपड्यांसाठीच्या पार्टीतून एवढं सगळं उभं राहिलं.

अमेरिकी रॅपर केंड्रिक लामारचा ‘जीएनएक्स’ २२ नोव्हेंबर २०२४ ला कुठलीही पूर्वसूचना न देता आला. त्यात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे की एवढ्या मोठ्या माणसानं लॉस एंजेलिसच्या गल्लीतल्या, बाहेर कुणाला माहीत नसलेल्या पोरांना आपल्या गाण्यांत जागा दिली. ए-झेड चाइक, पेसो, लेफ्टी गनप्ले, हिट्टा जे-थ्री ही नावं तिथून पुढे शोधता येतात.

डोची ही फ्लोरिडातल्या टॅम्पाची. तिचा ‘अॅलिगेटर बाइट्स नेव्हर हील’ ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला सर्वोत्तम रॅप अल्बमचं ग्रॅमी मिळालं. लॉरिन हिल आणि कार्डी बी यांच्यानंतर तो मान मिळालेली ती तिसरी बाई. त्यातलं ‘डिनायल इज अ रिव्हर’ ऐका. स्वतःच रुग्ण आणि स्वतःच समजूत घालणारी, असे दोन आवाज ती एकटी काढते. आपल्या भारूडात एकच माणूस सासू नि सून दोघी होतो, तसं. शेवटी शब्द संपतात आणि नुसत्या श्वासांवर ताल राहतो. रेकॉर्डिंग करणारा माणूस म्हणून सांगतो, श्वास असा रेकॉर्ड करणं फार अवघड असतं.

आणि ‘क्लिप्स’. व्हर्जिनियाचे दोघे भाऊ, पुशा टी आणि मॅलिस. त्यांचा याआधीचा अल्बम २००९ चा होता. मग धाकटा एकट्यानं त्याच वाटेवर राहिला, थोरला तसल्या रॅपपासून दूर गेला. जुलै २०२५ मध्ये ‘लेट गॉड सॉर्ट एम आउट’ आला, संगीत फरेल विल्यम्सचं. पहिलंच गाणं ‘द बर्ड्स डोन्ट सिंग’. दोघांचे आई-वडील थोड्याच महिन्यांच्या अंतरानं गेले. एक भाऊ आईबद्दल बोलतो, दुसरा वडिलांबद्दल. शेवटच्या बोलण्यातलं आपण काय नीट ऐकलं नाही, घरात काय सापडलं, एवढंच. शब्द साधे, यमक साधी, दोन माणसं पन्नाशीच्या आसपासची. माझे वडील गेले त्यानंतर दोन वर्षांनी हे गाणं आलं. मी ते पहिल्यांदा मिक्सिंग बघायला म्हणून लावलं आणि मिक्सिंग बघायचं राहूनच गेलं. ‘रॅप म्हणजे नुसती मस्ती’ असं तुमच्या स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, तर त्यांना याचा अर्थ समजावून ऐकवा.

लंडनची लिटल सिम्झ, २०२५ चा ‘लोटस’. तिचा २०२१ चा अल्बम ब्रिटनमधला मर्क्युरी पुरस्कार घेऊन गेला होता. तो आधी ऐकला तरी चालेल.

नवे रॅपर स्वतः कसे शोधायचे, हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल. एका गाण्याच्या खाली निर्मात्याचं, म्हणजे बीट बनवणाऱ्याचं नाव असतं. ते धरून पुढे जा. चांगला बीट बनवणारा वाईट रॅपरला सहसा बीट देत नाही. आकड्यांवर विश्वास ठेवू नका. माझ्याकडच्या एका मुलाकडून प्लेलिस्टमध्ये गाणं घालून देतो म्हणून एका एजंटनं पंधरा हजार घेतले होते. दोन आठवड्यांत लाखभर प्ले दिसले, खाली कॉमेंट तीन, त्यातली एक त्याच्या मामाची. मुलानं ते पैसे पार्टटाइम डिलिव्हरी करून जमवले होते. मला अजून त्याचा राग येतो. गाण्याखाली लोक ओळी लिहितायत का, ते बघा. कुणी एखादी ओळ उचलून तशीच्या तशी लिहिली असेल तर ते गाणं कुणाच्या तरी कानात राहिलेलं आहे.

जमलं तर सायफर बघा. पोरं गोल करून उभी राहतात, एकजण तोंडानं किंवा छोट्या स्पीकरवर बीट लावतो आणि एकेकजण आत येऊन बोलतो. बागांच्या बाहेर, नदीकाठी, कॉलेजांच्या मागे असे गोल होतात. त्या गोलात व्ह्यूज नसतात, समोरच्याचा चेहरा असतो. चार ओळींनंतर डोळे दुसरीकडे गेले, तर रॅपरला तिथल्या तिथं कळतं.

शिव्यांबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझ्या खोलीत नियम एकच आहे: शिवी कुणावर आहे ते सांगता आलं पाहिजे. पोलिसाच्या काठीवर असेल, सावकारावर असेल, तर मी रेकॉर्ड करतो. रस्त्यानं जाणाऱ्या मुलीवर असेल तर नाही. मुलं सुरुवातीला कुरकुरतात. दहातले सात परत लिहून आणतात.

वर्गासाठी एवढंच करून बघा. त्या मुलांच्या वहीची शेवटची पानं तपासायला घेऊ नका. ऱ्हस्व-दीर्घ तर बिलकूल नको. आधी त्यांना ते मोठ्यानं म्हणायला लावा आणि तुम्ही बाकावर बोटांनी चार ठोके धरा. त्यांच्या ओळी ठोक्याच्या बाहेर सांडतील, त्यांनाच कळेल. मग विचारा, यातलं क्रियापद काढलं तर काय उरतं? घरात असा कुठला शब्द आहे जो पुस्तकात नाही? आज्यांकडे असे शब्द ढिगानं असतात. पुण्यातच हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मावळ-मुळशीपासून गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या बऱ्याच आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर आवाजासकट ऐकता येतात. एक ओवी आणि १०० आरबीएचचं एक गाणं असं एकाच तासाला ऐकवा.

जनता वसाहतीतला तो मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे. मागच्या रविवारी तो आईला घेऊन आला होता. तिला दोनशे बारा पायऱ्यांची ओळ ऐकवायची होती. तिनं हेडफोन लावले, ऐकलं आणि म्हणाली, "दोनशे चौदा आहेत. वरच्या दोन तू धरल्याच नाहीस." त्यानं ओळ पुन्हा रेकॉर्ड केली. ‘चौदा’ला यमक अजून सापडलेलं नाही, तुमच्या वर्गात कुणाला सुचलं तर कळवा.